एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) झाले, आता पुढे? (टेक्सास, पहिली नोकरी, तीन ऑफर)

मिरजकरीण
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझी गाडी अशी आली: मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी, मुंबईत चार वर्षं आयसीयू. लग्न करून २०१२ मधे एच-४ वर (नवऱ्यामागून मिळणारा व्हिसा) ह्यूस्टनला आले आणि तीन वर्षं पोळ्या लाटल्या (वाईट नव्हत्या). २०१५ मधे काही एच-४ वाल्यांना काम करायची परवानगी मिळायला लागली, तेव्हा कपाटाच्या वरच्या खणातून मार्कशीट खाली काढल्या. एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा), आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स, मग हॉस्पिटलात रातपाळ्या. शेवटची तीन वर्षं नोकरी सांभाळून एमएसएन (नर्सिंगमधलं मास्टर्स) केलं, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं. गेल्या महिन्यात एएएनपीसीबीची (नर्स प्रॅक्टिशनरना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची) परीक्षा सुटली. नावापुढे एफएनपी-सी लावता येतंय.

आईला फोन केला तर म्हणाली, "म्हणजे डॉक्टर झालीस?" नाही म्हटलं. "मग करणार काय?" पेशंट तपासणार, निदान करणार, औषध लिहून देणार. "मग डॉक्टरच की गं!" शेवटी मीच गप्प बसले.

आता मूळ मुद्दा. हातात तीन ऑफर आहेत. एक अर्जंट केअरची (वेळ न ठरवता थेट जायचं क्लिनिक): पैसे भरपूर, बारा तासांच्या पाळ्या, दोन आठवडे शिकवणार आणि मग क्लिनिकमधे मी एकटी, डॉक्टर फोनवर. दुसरी एफक्यूएचसीची, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणारं गरिबांचं क्लिनिक. पगार वीसेक हजारांनी कमी, पण पहिले तीन महिने सोबतीला कुणीतरी, आणि दिवसाला सहा पेशंटपासून सुरुवात. तिसरी ओळखीतल्या एका मराठी डॉक्टरांच्या क्लिनिकची. पगार "बघू आपण", कॉन्ट्रॅक्ट "आपल्यात कशाला?". नवरा म्हणतो पहिली घे, सासूबाई म्हणतात तिसरी, आपली माणसं आहेत. तुम्ही काय म्हणता?

रातपाळी
अभिनंदन गं! आधी पार्टी कर, मग हे वाच.

तिसरीवर फुली मार. माझी पहिली नोकरी अशीच 'आपल्या माणसा'कडे होती. कॉन्ट्रॅक्टचा विषय काढला की चहा यायचा. चार महिन्यांनी कळलं, मी नोकरीत नाहीच, १०९९ वर आहे, म्हणजे कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार. म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (पेन्शन आणि म्हातारपणचा आरोग्य विमा) या करांचा मालकाचा वाटाही माझ्याच खिशातून, मिळून १५.३ टक्के. सुट्टी नाही, विमा नाही.

खरा दणका सोडताना बसला. मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांचा विमा) पॉलिसी 'क्लेम्स-मेड' होती. आज पाहिलेल्या पेशंटने दोन वर्षांनी दावा लावला आणि तोवर ती पॉलिसी बंद झालेली असली, तर कंपनी हात वर करते. त्यावर उपाय म्हणून 'टेल' विकत घ्यायची, आणि ती वर्षाच्या हप्त्याच्या दीड-दोन पट पडते. ती कोणी भरायची हे कुठे लिहिलेलंच नव्हतं, कारण काहीच लिहिलेलं नव्हतं. कुठलीही नोकरी घेतलीस तरी हे विचार: पॉलिसी 'ऑकरन्स' आहे की 'क्लेम्स-मेड', आणि टेल कोणाकडे. ऑकरन्स असेल तर दावा पुढे कधीही लागो, पेशंट पॉलिसी चालू असताना पाहिलेला असला की झालं, शांत झोप.

ते गृहस्थ मंडळाच्या गणपतीत अजून भेटतात. हसून बोलतो. मोदक मात्र मी दुसऱ्या टेबलावरचा घेते.

जुना स्टेथो
अभिनंदन. मी इथे फॅमिली मेडिसिनमधे बरीच वर्षं आहे, माझ्याकडे दोन एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) आहेत आणि उत्तम आहेत. तरीही जरा कडू बोलतो.

या परीक्षेला बसायला किमान ५०० तास पेशंटसोबतचं शिक्षण लागतं. २०२२ च्या नव्या शैक्षणिक मानकांनी ते ७५० वर नेलं. आमची रेसिडेन्सी (हॉस्पिटलात काम करत शिकणं) तीन वर्षांची, मेडिकल स्कूलनंतर. ७५० तास म्हणजे रेसिडेंटचे अडीच-तीन महिने. तेवढ्यात तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळं येईल, असं कोणी म्हणत असेल तर तो फी घेणारा असणार. दोन आठवड्यांनी एकटीला बसवणारा मालक तुमच्या लायसन्सवर जुगार खेळतोय. पेशंटच्या जिवावर तर आहेच.

रातपाळी
काका, एमडीची रेसिडेन्सी बरीचशी मेडिकेअरच्या पैशांवर चालते. आमची कोण चालवणार? शिकायचं नाही असं कोणीच म्हणत नाहीये.

मिरजकरीण
काका, राग नाही आला. खरंच आहे, म्हणूनच विचारतेय.

तासांपेक्षा मला त्रास झाला तो ते तास मिळवायला. प्रिसेप्टर (ज्याच्या हाताखाली पेशंट बघायला शिकायचं तो) विद्यार्थ्यानेच शोधायचा, असा आमच्या शाळेचा खाक्या. नव्वदच्या वर क्लिनिकना ईमेल टाकले, उत्तरं आली अकरा, त्यातल्या सात जणांनी नाही म्हटलं. काही मुली पैसे देऊन एजन्सीकडून प्रिसेप्टर घेतात. मी एका बालरोगतज्ज्ञांच्या रिसेप्शनवर दर गुरुवारी जाऊन बसायचे, शेवटी कंटाळून त्यांनी घेतलं. फार चांगल्या निघाल्या बाई.

आणि एक कबूल करते. आयसीयूचा अनुभव क्लिनिकमधे वाटला तेवढा कामी येत नाही. आयसीयूत पेशंट येतो तोच निदान कपाळावर चिकटवून. व्हेंटिलेटर, ड्रिप, आर्टिरियल लाइन, सगळं समोर आकड्यांत. क्लिनिकमधे बाई येते आणि म्हणते, "हल्ली फार थकायला होतं." बस. थायरॉइड, हिमोग्लोबिन, नैराश्य, झोप, नवरा, की आतड्याचा कॅन्सर? आणि हातात पंधरा मिनिटं. इतकी वर्षं रात्री दोनला डॉक्टरांना फोन लावून "काय करू?" विचारायचे. आता तो फोन माझ्याकडे येणार आहे.

कोलोरॅडोची काकू
उशीर झाला यायला. आमच्याच गावचा विषय आहे म्हणून दोन शब्द जास्त. नर्स प्रॅक्टिशनर हा प्रकार इथेच सुरू झाला, १९६५ मधे, कोलोरॅडो विद्यापीठात. लोरेटा फोर्ड नावाच्या पब्लिक हेल्थ नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मिळून. खेड्यापाड्यांत मुलांना बघायला डॉक्टर नव्हते, नर्सच सगळं निभावत होत्या, तर त्यांना नीट शिकवावं, इतकी साधी कल्पना. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत गेल्या, १०४ वर्षांच्या होऊन.

मिरजकरीण, तू हॉस्पिटलात राहणार असतीस तर मी म्हटलं असतं की एफएनपी चुकीचं निवडलंस. आयसीयूच्या कामाला अ‍ॅक्यूट केअरचं वेगळं शिक्षण आणि वेगळी परीक्षा आहे. पुष्कळ आयसीयू नर्स 'फॅमिली म्हणजे सगळं' समजून एफएनपी करतात आणि मग हॉस्पिटलं दारात उभं करत नाहीत. वाचणाऱ्या पोरींनो, हे आधी बघा.

आता राज्य. परीक्षा देशभर एकच, पण तुम्ही काय करू शकता ते राज्य ठरवतं. इथे किंवा अ‍ॅरिझोनात, न्यू मेक्सिकोत एनपी स्वतःचं क्लिनिक काढू शकते. न्यू यॉर्कात ३,६०० तास झाले की डॉक्टरशी कराराची अट सुटते. कॅलिफोर्नियाने २०२० मधे कायदा केला, तिथे ४,६०० तास किंवा तीन वर्षं, आणि त्यातही दोन पायऱ्या. तुझं टेक्सास मात्र कडक. औषध लिहायचं तर डॉक्टरसोबत लेखी करार लागतो, महिन्यातून एकदा बैठक, काही चार्टची (पेशंटच्या नोंदींची) तपासणी. शेड्यूल दोनची (सवय लागू शकणारी, कडक नियंत्रणातली) औषधं हॉस्पिटल आणि हॉस्पिसबाहेर (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची सेवा) लिहिता येत नाहीत. क्लिनिकमधे एडीएचडीचं पोर आलं की नेहमीची गोळी तू देऊ शकत नाहीस, कारण ती त्यातलीच.

तेव्हा मुलाखतीत विचार: करार कोणत्या डॉक्टरशी? ते त्याच इमारतीत बसतात का? ते उद्या नोकरी सोडून गेले तर माझं काय? कारण ते गेले की दुसरा करार होईपर्यंत तुझं पेन बंद. काही ठिकाणी डॉक्टरला दरमहा द्यायचे पैसे एनपीच्या खिशातून जातात. तसं असेल तर उठून ये.

कागदवाली
मी नर्स नाही. एका मोठ्या क्लिनिकच्या ऑफिसात क्रेडेन्शियलिंग करते, म्हणजे तुमच्यासारख्यांची कागदपत्रं विमा कंपन्यांच्या घशात उतरवणं हे माझं काम. सगळे पगारावर बोलताहेत, पण माझ्या टेबलावर रडारड होते ती नावावरून.

आपल्याकडच्या बायकांचं बघा. दहावीला आशा दत्तात्रय अमुक. लग्नानंतर नवऱ्याचं नाव मधे, सासरचं आडनाव शेवटी, आणि हौशी घर असेल तर तांदळात पहिलंही नाव नवं. पासपोर्टवर तिसरंच, कारण एजंटाने वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मधे घुसवलेलं. आरएन लायसन्स एका नावाने, सर्टिफिकेशन दुसऱ्या, एनपीआय (उपचार करणाऱ्या प्रत्येकाला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक) तिसऱ्या. मग संगणक म्हणतो, या तीन वेगळ्या बायका आहेत. एक अक्षर चुकलं तरी फाइल परत येते आणि रांगेत पुन्हा शेवटी. एमएसएनला प्रवेश घ्यायच्या दिवशीच ठरवा की माझं नाव हे असं, आणि सगळीकडे तेच.

क्रम असा असतो. शाळेकडून अंतिम ट्रान्सक्रिप्ट परीक्षा मंडळाकडे. दोन मंडळं आहेत: एएएनपीसीबीची परीक्षा १५० प्रश्नांची, एएनसीसीची १७५. एक एफएनपी-सी देते, दुसरी एफएनपी-बीसी. नोकरीला दोन्ही चालतात, उगाच डोकं खाऊ नका. मग राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे एपीआरएन लायसन्स (आरएनच्या वरचं, एनपीला लागतं ते), टेक्सासात औषध लिहिण्याच्या अधिकाराचा अर्ज त्याच्याच जोडीने. एनपीआय नंबर फुकट मिळतो, कोणी पैसे मागितले तर तो भामटा. डीईए नोंदणी (नियंत्रित औषधं लिहायला लागणारी केंद्र सरकारची) सगळ्यात महाग, तीन वर्षांचे ८८८ डॉलर, आणि ती क्लिनिकच्या पत्त्याला बांधलेली असते. म्हणून नोकरी पक्की होईपर्यंत थांबा आणि ते पैसे मालकाकडून मागून घ्या. २०२३ पासून डीईएसाठी व्यसनोपचाराचं आठ तासांचं प्रशिक्षणही लागतं. हल्ली बऱ्याच शाळा ते अभ्यासक्रमातच उरकतात, पण तसं पत्र शाळेकडून घेऊन ठेवा.

त्यानंतर आम्ही. एकेक विमा कंपनी तीन-चार महिने सहज घेते. तोवर त्या कंपनीचे पेशंट तुम्ही बघितले तर क्लिनिकला पैसे मिळत नाहीत. म्हणून काही मालक तोपर्यंत 'घरी बसा' म्हणतात, बिनपगारी. पगार कुठल्या तारखेपासून सुरू, हे कॉन्ट्रॅक्टात शोधा.

आणि पगाराची घासाघीस करताना मालक हमखास म्हणतो, मेडिकेअर एनपीला डॉक्टरच्या ८५ टक्केच देतं. खरं आहे. पण क्लिनिकचं भाडं, रिसेप्शनिस्ट, वीजबिल एनपी आली म्हणून वाढत नाही, आणि तुमचा पगार डॉक्टरच्या ८५ टक्के नक्कीच नसतो. २०२३ मधे देशभरातल्या एनपींचा मधला पगार वर्षाला सुमारे १,२६,००० डॉलर होता. नवख्यांनी तेवढ्याची अपेक्षा धरू नये, पण फार खालीही उतरू नये.

उपकेंद्र
वाचून मजा वाटली. मी सातारा जिल्ह्यात सीएचओ (उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, बीएस्सी नर्सिंग आणि वर सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स. बीपी, शुगर, गरोदर बायका, ताप, कुत्रा चावलेली पोरं, सगळं मीच बघते. औषधं ठरलेल्या यादीतली, त्यापुढे पीएचसीच्या डॉक्टरांना विचारून. लोक मलाही डॉक्टरच म्हणतात, सांगून थकले. आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम आहेत, क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा आणि मिडवाइफरीचा दीड वर्षाचा, पण फॅमिलीचा नाही. आणि क्रिटिकल केअर करून बाहेर पडलेल्या मैत्रिणीला हॉस्पिटलात पद कुठलं मिळालं? स्टाफ नर्स.

नाशिकची सिस्टर
सगळ्या ताईंना नमस्कार. बीएस्सी नर्सिंग झालंय, दोन वर्षं आयसीयू. इथूनच ऑनलाइन एफएनपी करून डायरेक्ट अमेरिकेत एनपी म्हणून जाता येतं का? एक एजंट म्हणतोय येतं, साडेचार लाख मागतोय.

रातपाळी
नाही. नाही. आणि नाही. एजंटाचा नंबर डिलीट कर.

कोलोरॅडोची काकू
अगं बाळा, वर्ग ऑनलाइन असले तरी ते ७५० तास ऑनलाइन नसतात. ते इथल्या पेशंटवर, इथल्या प्रिसेप्टरच्या हाताखाली, आणि त्यासाठी आधी इथलं आरएन लायसन्स. म्हणजे पहिली पायरी आरएनचीच: शिक्षणाची पडताळणी, मग एनक्लेक्स (ती भारतातही देता येते), इंग्रजीची परीक्षा, मग व्हिसास्क्रीन (व्हिसासाठी लागणारं नर्सच्या कागदपत्रांचं प्रमाणपत्र). नर्सना ग्रीन कार्डाची वाट बहुधा ईबी-३ ची (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाचा तिसरा गट), आणि भारतात जन्मलेल्यांची तिथली रांग दहा-दहा वर्षांची आहे. केरळच्या मुली हे सगळं जाणून निघतात, वीस-एकविसाव्या वर्षी फाइल लावतात आणि तोवर आखातात किंवा आयर्लंडमधे नोकरी करतात. आपल्या मुली एजंटाला साडेचार लाख देतात.

ग्रीनकार्डवाले भाऊ
व्हिसाचा विषय निघालाच आहे म्हणून. साध्या आरएनला एच-१बी (नोकरीचा व्हिसा) मिळणं कठीण, कारण त्या कामाला पदवी लागतेच असं धरत नाहीत. एनपीचं तसं नाही, मास्टर्स लागतं, त्यामुळे एच-१बी होऊ शकतो, आणि विद्यापीठाशी संलग्न ना-नफा हॉस्पिटल असेल तर लॉटरीही नाही. मिरजकरीण, तुम्ही अजून एच-४ वरच असाल तर एक धोका लक्षात घ्या. कामाच्या परवान्याच्या कार्डाचा नूतनीकरणाचा अर्ज पडून राहिला तर आपोआप मुदतवाढ मिळायची, ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस बंद झाली. कार्ड संपलं की त्या दिवसापासून घरी. मुदतीच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, तो दिवस कॅलेंडरवर लाल करा. आणि नव्या मालकाला हे आधीच सांगा, नंतर तोंड लपवायला नको.

मिरजकरीण
भाऊ, धन्यवाद. आमचं कार्ड पुढच्या वर्षी संपतंय, म्हणजे अर्ज याच वर्षी टाकायला हवा. हे डोक्यातच नव्हतं.

एफक्यूएचसीवाल्यांनी शिक्षणाच्या कर्जफेडीच्या सरकारी योजनेचं गाजर दाखवलं होतं. चौकशी केली तर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरला नागरिकत्व लागतं. नर्स कोअर म्हणून दुसरी योजना आहे, तिला ग्रीन कार्ड चालतं. माझ्याकडे दोन्ही नाही. तसंही एच-४ ला फेडरल कर्ज मिळतच नाही, फी आम्ही पगारातून भरली, त्यामुळे फेडायला काही नाही हेही खरं! नवऱ्याची जुनी कोरोला बघून ओळखाल.

जुना स्टेथो
एक राहिलं होतं. एनपींसाठीही पदवीनंतरच्या वर्षभराच्या रेसिडेन्सी आहेत. पहिली २००७ मधे कनेटिकटच्या एका कम्युनिटी हेल्थ सेंटरने सुरू केली, आता बऱ्याच एफक्यूएचसी चालवतात. पगार कमी असतो. पण मी कोणाला नोकरीवर घेताना ते बायोडेटात दिसलं की पुढचं पान उलटत नाही.

मिरजकरीण (पाच महिन्यांनी)
धागा वर काढतेय, कारण विपूत (विचारपुशीत) चौघींनी विचारलं.

एफक्यूएचसी घेतली. सही करायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट वकिलाला दाखवलं, काही शे डॉलर गेले. त्याने दोनच ठिकाणी लाल पेन लावलं. नोकरी सोडायची तर १२० दिवस आधी सांगा असं होतं, ते ६० करून घेतलं. दुसरं, सोडल्यावर २५ मैलांत वर्षभर काम करायचं नाही. अहो, ह्यूस्टनमधे २५ मैल म्हणजे माझी शाळा, घर, देऊळ आणि अर्धं मराठी मंडळ! ते पाचावर आणलं. डीईएचे पैसे त्यांनी भरले. ते मी मागितले म्हणून, न मागता कोणी देत नव्हतं.

अर्जंट केअरवाल्यांना नाही म्हणताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू. घरी दोन दिवस अबोला होता. तिथे माझ्या बॅचची एक मुलगी लागली, तिसऱ्या आठवड्यात एकटीच होती, छातीत दुखणारा माणूस 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणत आला. तिने ईसीजी काढला म्हणून निभावलं. सहाव्या आठवड्यात तिने सोडलं.

माझंही गुलाबी नाही. सहा पेशंटचे आता पंधरा झालेत, पुढच्या महिन्यात अठरा. पेशंट संपतात, इनबॉक्स संपत नाही: लॅबचे रिपोर्ट, औषधांची पुन्हा मागणी, विमा कंपनीची मंजुरी. रोज रात्री नऊ ते साडेदहा जेवणाच्या टेबलावर चार्ट लिहिते, लेक शेजारी गृहपाठ करते. पहिल्या महिन्यात पोटऱ्या दुखण्याऐवजी डोकं दुखायचं. पण दारापलीकडे डॉ. बाई बसतात. दिवसातून दहादा दार वाजवलं असेल, एकदाही वर न बघता "हं" म्हणाल्या नाहीत. हे पगाराच्या चिठ्ठीवर छापत नाहीत.

नाशिकची सिस्टर
ताई, एजंटला नाही सांगितलं. शिक्षणाच्या पडताळणीचा अर्ज भरतेय. माझं अजून लग्न व्हायचंय, पुढच्या मे महिन्यात. तर नाव कुठलं टाकू?

कागदवाली
पासपोर्टवरचं. अक्षर न् अक्षर. आणि लग्नानंतर नाव बदलू नकोस, सासूबाई रागावल्या तर माझा नंबर दे. बदलायचंच असेल तर विवाह प्रमाणपत्राच्या पाच साक्षांकित प्रती आत्ताच करून ठेव... म्हणजे मे महिन्यात. कॉलेज आणि कौन्सिलचे फॉर्म त्यांनी थेट पाठवायचे असतात, तू हाताने नेलेलं पाकीट चालत नाही. पाठवल्याची पावती, तारीख, क्लार्कचं नाव, सगळं वहीत लिही.